बाकापायी बाग

मला बाग नको होती. मला एक बाक हवा होता, तोही स्वतःसाठी नव्हे, आईसाठी. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या गावात हल्ली मला 'बागेचा तो प्रकार करणारा माणूस' म्हणून ओळखतात आणि सुपरमार्केटच्या रांगेत लोक वळून माझ्याकडे बघतात. गावाचं नाव सांगत नाही. अ‍ॅमस्टेलव्हीनहून बसनं थोडं पुढे आलं की लागतं, एवढं पुरे. मला अजून तिथे राहायचं आहे.

आई गेल्या वर्षी तीन महिने चिंचवडहून आमच्याकडे आली होती. मी आणि माझी बायको सुमेधा कामाला लागलो की ती चालत गावाच्या मधल्या चौकापर्यंत जायची. दुकानं बघून व्हायची, गुडघे बोलायला लागायचे आणि मग टेकायचं कुठे, हा प्रश्न उभा राहायचा. चौकातले जुने बाक फरशी बदलताना काढले होते, ते परत आलेच नव्हते. कॅफेसमोर खुर्च्या भरपूर, पण बसलं की वेटर येतो. शेवटी ती बसस्टॉपवर बसायला लागली. इथले बसड्रायव्हर फार सभ्य. म्हातारी बाई दिसली की बस थांबवणार, दार उघडणार, वर हसून वाट बघणार. आई हात हलवून "जा बाबा जा, मला नाही यायचं" म्हणायची. येणारी प्रत्येक बस अशी समजूत काढून परत पाठवायची म्हणजे त्याला काही विश्रांती म्हणत नाहीत.

परत जाताना विमानतळावर तिनं निकाल दिला. "शिरीष, घर छान आहे तुझं. पण तुमच्या गावात म्हाताऱ्या माणसाला फुकट टेकायला जागा नाही, आणि टेकलं तरी बोलायला माणूस नाही. पुढच्या वर्षी एकदा येईन. पण तेव्हाही बसस्टॉपवरच बसायचं असेल, तर ती माझी शेवटची खेप."

आई बोलते ते करते. बाबांनी एकदा तिच्या आमटीला नावं ठेवली होती. त्यानंतर आमच्या घरात कित्येक वर्षं आमटी झालीच नाही, साधं वरण झालं. त्यामुळे मी घाबरून तो विषय क्लबात काढला.

आमच्या गावातल्या मराठी मंडळींचा एक सेवा क्लब आहे. मी त्याचा सचिव, म्हणजे खुर्च्या मांडणारा आणि सभा संपल्यावर उचलणारा. अध्यक्ष हरीशराव. ते स्लोटरडाइकला एका कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर आहेत आणि घरी कुकर लावायचा असला तरी आधी त्याचे टप्पे पाडतात. क्लबचं दुःख एकच आहे. या देशात सेवा करून घ्यायला माणूस मिळत नाही. पहिल्या हिवाळ्यात आम्ही ब्लँकेटवाटप जाहीर केलं. न्यायला कुणी आलं नाही, ती ब्लँकेटं शेवटी आम्हीच घरी नेली आणि आजही पाहुणे आले की काढतो. रक्तदान शिबिर घेऊ म्हटलं, तर संबंधितांनी नम्रपणे कळवलं की रक्त आमचं आम्ही घेतो. अशा उपाशी क्लबापुढे मी म्हणालो, "चौकात एखादा बाक ठेवता येईल का?"

हरीशराव खुर्चीतून उठले. "बाक? अहो शिरीष, सेवा क्लबानं नुसता बाक द्यायचा? तो व्हिजनमध्ये बसत नाही. बाग करू!"

टाळ्या पडल्या. माझा बाक त्या टाळ्यांत वाहून गेला तो पुढचे सात-आठ महिने मला दिसलाच नाही.

चौकात, वाचनालयाच्या मागे, सायकलस्टँडच्या शेजारी एक मोकळा तुकडा होता. तीन मोटारी दाटीवाटीनं उभ्या राहतील एवढा. अंबरीश आमच्या क्लबातला डेटा आर्किटेक्ट. आर्किटेक्ट हा शब्द हुद्द्यात आहे म्हणून आराखड्याचं काम त्याच्याकडे आलं. त्यानं त्या तुकड्यात कारंजं, आठाच्या आकाराचा चालायचा ट्रॅक, हास्यक्लबासाठी ओटा आणि लहान मुलांची घसरगुंडी बसवली. मी विचारलं, "आणि बाक?" तो म्हणाला, "अरे, जागा कुठे आहे?"

त्यानंतर गेटचा वाद निघाला. इथल्या बागांना गेट नसतं हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण गेट नाही ती बाग रात्री बंद कशी करणार, हे कुणाला कळेना. 'फुले तोडू नयेत' ही पाटी किती भाषांत लावायची यावर एक सभा गेली. पुतळा उभारायचा का, आणि उभारला तर कुणाचा, या विषयावर सभा दोनदा तहकूब झाली. तिसऱ्यांदा हरीशरावांनी तो विषय दुसऱ्या टप्प्यात ढकलला, तेव्हा कुठे माणसं एकमेकांशी बोलायला लागली.

खेमेन्तेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, योरिस नावाचा एक तरुण माणूस आम्हाला दिला गेला. योरिसला सगळंच आवडायचं. कारंजं? "लेउक!" हास्यक्लब? "हेल लेउक!" लेउक म्हणजे छान, हेल लेउक म्हणजे फारच छान. आम्ही सगळे हरखलो. पुढे हळूहळू लक्षात आलं की छान म्हणणं वेगळं आणि हो म्हणणं वेगळं. कारंजं पाण्याच्या खात्याला पटलं नाही, ओटा आवाजाच्या नियमात अडकला, घसरगुंडीखाली अमुक जाडीचं रबर पाहिजे आणि ते रबर टाकलं तर घसरगुंडीला जागा उरत नव्हती. असं एकेक गळत गळत आराखड्यात शेवटी एक बाक तेवढा मावला. हरीशरावांनी त्याला 'फेज वन' म्हटलं. मी त्या दिवशी गुपचूप पेढे आणले आणि सुमेधाला सांगितलं की ऑफिसात कुणाचं तरी प्रमोशन झालंय.

पण बाकालाही शेजाऱ्यांची संमती लागणार होती. त्यासाठी वाचनालयात एक संध्याकाळ ठरली. डच पद्धतीनं माणशी एक कप कॉफी आणि एक बिस्किट अशी व्यवस्था होती. आम्ही त्याच्या जोडीला मोठं पातेलं भरून बटाटेवडे नेले. शेजाऱ्यांनी पातेल्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं, आणि यामागे आमचा काहीतरी मोठा हेतू असणार अशी त्यांची खात्री झाली.

शेजाऱ्यांच्या पुढारी होत्या मेव्राउ हेनी, म्हणजे आपल्या भाषेत हेनीबाई. सत्तरीच्या, उंच, सरळ पाठीच्या, निवृत्त भूगोल शिक्षिका. त्या तुकड्यासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांनी चष्मा लावून मला विचारलं, "या बाकावर लोक बसणार?"

मी म्हणालो, "हो."

"बसून बोलणार?"

"हो, बहुतेक."

"किती मोठ्यांदा?"

मी मागे वळून आमच्या मंडळींकडे पाहिलं. वडे संपत आल्यामुळे तिथे जे काही चाललं होतं त्याचा आवाज बाहेरच्या चौकात जात असावा. मी म्हटलं, "मुख्यतः माझी आई बसेल. ती शांत आहे." हे वाक्य आईनं ऐकलं असतं तर तिलाही हसू आलं असतं.

शेवटी असं ठरलं की तो तुकडा तीन महिने आमच्या देखरेखीखाली द्यायचा. मेअखेर शेजारी पाहणी करतील. त्यांचं समाधान झालं तर बाक बसेल, नाहीतर विषय बंद. योरिसनं आम्हाला जागा दाखवायला नेलं. मार्च सुरू होता. तुकड्यात वाळक्या काटक्या, गुडघाभर तण, मध्येच हिरवे कोंब आणि कडेला फुटक्या खोक्यासारखं काहीतरी. योरिसनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "किती सुंदर आहे, नाही?"

सरकारी माणूस आपल्याच खात्याची अशी उघड चेष्टा करतो हे पाहून आम्हाला तो फारच जवळचा वाटला. हरीशरावांनी खदखदून हसत त्याच्या पाठीवर थाप मारली. मीही हसलो. योरिस थोडा गोंधळला, पण सभ्यपणे तोही हसला.

एप्रिलच्या सुरुवातीला आई आली. घरात पाऊल टाकायच्या आधी तिनं विचारलं, "बाक?" मी म्हटलं, "होतोय. शनिवारी श्रमदान आहे." श्रमदान म्हटल्यावर तिचा चेहरा जरा निवळला.

तो शनिवार आमच्या क्लबाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहायचा होता. यच्चयावत सभासद आले होते. कुणी कुदळ आणली, कुणी ट्रिमर, आणि इंडियन दुकानातून आणलेले खराटे तर प्रत्येक कुटुंबाला एक आले. इतक्या वर्षांनी हाताला खऱ्या सेवेची संधी मिळाली होती. माणसं तुटून पडली. मी स्वतः, ज्यानं घरी कधी कोथिंबीर निवडली नाही, मुळासकट उपटत सुटलो. अंबरीशनं ते फुटकं खोकं उचलून कचऱ्यात दिलं. दुपारपर्यंत जमीन अशी लख्ख झाली की त्यावर पंगत बसवावी. बायकांनी सडा घातला, रांगोळी काढली. कडेला एक लहानशी पाटी होती तिच्यावर आमचा बॅनर बांधला आणि फोटो काढले. फोटोत मी मधोमध आहे. छाती पुढे आहे.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून हेनीबाई बाहेर आल्या. आम्ही टाळ्या वाजवून त्यांचं स्वागत केलं. त्या रांगोळीच्या कडेला थांबल्या. मग हळूच आमचा बॅनर बाजूला सारून त्यांनी मागची पाटी आम्हाला दाखवली. ती पाटी सांगत होती की हा रानफुलांचा वाफा शेजाऱ्यांनी मधमाश्यांसाठी स्वतः पेरून वाढवला आहे. कचऱ्यात गेलेलं फुटकं खोकं हे किड्यांना थंडीत राहायला केलेलं घर होतं. योरिसनं चेष्टा केली नव्हती. त्याला ते खरोखरच सुंदर वाटलं होतं.

"तीन वर्षं," हेनीबाई म्हणाल्या आणि वळून आत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आपण स्वच्छ केलेल्या जागेकडे बघून इतकी लाज वाटेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. आई शेजारी उभी होती. तिला सगळं मराठीत सांगावं लागलं. ऐकून ती एवढंच म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना इंजिनिअर कुणी केलं रे?"

रात्री तातडीची सभा झाली. एकानं आपल्या वकील मेहुण्याला पुण्याला फोन लावला. एकानं सुचवलं की प्लास्टिकची फुलं लावू, मधमाश्यांना लगेच कळणार नाही. हरीशरावांनी दुसऱ्या दिवशी क्षमा मागायला जायचं ठरवलं आणि सोबत भला मोठा पुष्पगुच्छ घेतला. "फुलं?" सुमेधा म्हणाली. "हरीशराव, तुम्ही त्या बाईंना फुलं नेऊन देणार?" पण गुच्छ विकत घेऊन झाला होता. हेनीबाईंनी दार उघडलं, गुच्छाकडे बघितलं आणि दार लावलं. तो गुच्छ मी घरी आणला. आईनं त्यातली निम्मी फुलं देवाला वाहिली.

योरिस मात्र देवमाणूस. तो म्हणाला, वेळ गेलेली नाही, बी परत पेरता येईल. पाहणीच्या दिवशी हिरवं दिसलं तर शेजारी ऐकतील. अडचण एकच होती. कबुतरं. ताजं बी पेरलं की ती थवेच्या थवे उतरतात. जाळी लावायची नाही, कारण त्यात काटेसाळू नावाचे छोटे काटेरी प्राणी अडकतात. गेल्या वेळी शेजाऱ्यांनी आळीपाळीनं राखण केली होती. आता ती आम्ही करावी, हे उघडच होतं.

आम्ही बी पेरलं आणि हरीशरावांनी एक्सेलमध्ये राखणीच्या पाळ्या लावल्या. दुसऱ्याच दिवशी पाळ्या कोसळल्या. कुणाची मुलं पोहायला, कुणाचा ऑफिसातला सॉफ्टवेअर रिलीज, कुणाचं दातांचं. माझ्या पाळीला मी लॅपटॉप घेऊन वाफ्याच्या कडेला उकिडवा बसलो आणि तिथूनच मॅनेजरच्या मीटिंगला हजर राहिलो. तो पुढच्या तिमाहीचं नियोजन सांगत असताना पाच कबुतरं उतरली. मी हात फेकून "हुश्श! हाऽट! निघा इथून!" असं ओरडलो. माझा माइक चालू होता. मॅनेजर जर्मन आहे. त्यानं आपलं बोलणं थांबवलं आणि "तुला काही वेगळं सुचवायचं आहे का?" असं विचारलं. त्या मीटिंगनंतर माझी नेमणूक एका नव्या, लहान प्रोजेक्टवर झाली.

संध्याकाळी मी आईला म्हणालो, "जमत नाही गं. बाक काही होत नाही. तू चिडू नकोस, पण—"

"किती वाजता येतात कबुतरं?" आईनं विचारलं.

"दिवसभर."

"मग तुम्ही का बसता? मला काय उद्योग आहे?" ती म्हणाली. "जन्मभर गच्चीवर कुरडया राखल्या मी. चिंचवडची कबुतरं राखली, ही तर परदेशी आहेत. घाबरतील."

दुसऱ्या दिवसापासून आई बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल आणि माझी काळी छत्री घेऊन तिथे बसायला लागली. तिची पद्धत साधी होती. कबुतरं उतरू द्यायची, पुरती खाली आली की छत्री फट्कन उघडायची. कबुतरं उडायची. पहिल्या दिवशी एक सायकलवालाही पडला. तिनं त्याला उठवलं, हळदीचा डबा नसल्याबद्दल हळहळली आणि त्याला पर्समधला लाडू दिला.

तीन दिवस हेनीबाई खिडकीतून बघत होत्या. चौथ्या दिवशी पाऊस आला. आई उठली नाही, कारण पाऊस थांबल्यावर कबुतरं जास्त येतात. हेनीबाई खाली आल्या. हातात कॉफीचे दोन कप होते आणि काखेत घडीची खुर्ची. त्यांनी खुर्ची उघडली आणि आईच्या शेजारी मांडली. छत्री आईनं मध्ये धरली.

हे मला सुमेधानं संध्याकाळी फोटो दाखवून सांगितलं, तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मी आईला विचारलं, "काय बोलता तुम्ही दोघी?"

"सगळंच. हेनीताईचा मुलगा न्यूझीलंडला असतो. वर्षातनं एकदा येतो, आणि आला की हॉटेलात उतरतो. घरात खोली रिकामी असून! मी म्हटलं तिला, आमच्याकडे असं नाही, आमच्याकडे मुलगा घरी ठेवून घेतो आणि आपल्याला बसस्टॉपवर बसवतो."

"आई! हे तिला कळलं?"

"खूप हसली."

"पण कुठल्या भाषेत बोलता?"

"मी माझ्या, ती तिच्या. तुमच्या क्लबात सगळे मराठीच बोलतात ना? काय कळतं तुम्हाला एकमेकांचं?"

मी फोटो सुमेधाला परत दिला.

मे महिन्यात कोंब आले. आधी अगदी पुसट, मग वाफाभर हिरवे. वाफ्याच्या कडेला आता स्टूल एक आणि खुर्च्या तीन होत्या. इमारतीतले आणखी दोघं आजोबा यायला लागले होते. त्यातल्या एकाला आईनं कबुतरांचं काम सोपवलं होतं आणि त्याच्या छत्री उघडण्यात तिला चुका दिसत होत्या. हेनीबाई कुरडई खायला शिकल्या. सुमेधाचं म्हणणं, आई आता घरी यायला उशीर करते आणि विचारलं तर 'तुम्ही जेवून घ्या' म्हणते.

पाहणीच्या दिवशी क्लब पुरा नटून आला. हरीशरावांनी लाल फीत आणली होती, तबकात कात्री होती, आणि सर्व पदाधिकाऱ्यांची नावं कोरलेली संगमरवरी पाटी होती. योरिसनं पाटी टेपनं मोजली आणि हळुवारपणे सांगितलं की पाटी बाकापेक्षा रुंद आहे. ती सध्या माझ्या बाल्कनीत आहे. नारळ फोडायला परवानगी मिळाली, पण करवंटीचे तुकडे कुठल्या कचऱ्यात टाकायचे यावर शेजाऱ्यांत मतभेद झाल्यामुळे तो तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याची चटणी झाली.

शेजारी वाफ्याभोवती फिरले. वाकून वाकून पानं बघितली. अंबरीशनं सुतारकाम शिकून बनवलेलं किड्यांचं नवं घर एकानं हलवून पाहिलं. हलवल्यावर ते पडलं, तेव्हा त्यानं ते उचलून परत उभं केलं. चार दिवसांनी आईचं विमान होतं. बाक बसवणारे दोघं व्हॅनमध्ये थांबले होते, आणि आई आपल्या स्टुलावर बसून कुणाकडेच बघत नव्हती.

योरिसनं विचारलं, "मेव्राउ हेनी, शेजाऱ्यांचं समाधान झालं?"

"नाही," हेनीबाई म्हणाल्या.

हरीशरावांच्या हातातली कात्री तबकात पडली. हेनीबाईंनी पिशवीतून एक जाड डायरी काढली, ती पुढच्या वर्षाची होती, आणि पानं उलटत त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे अजून नुसतं गवत दिसतंय. फुलं पुढच्या वर्षी येतील, आणि त्याआधी एकदा परत पेरावं लागेल. राखणीला माणूस नक्की असेल तर बाकाला आमची हरकत नाही. तुमच्या आईंना विचारा, एप्रिलचा दुसरा मंगळवार, सकाळी दहा वाजता?"

मी आईकडे गेलो. पुढच्या वर्षाचा विषय मी महिनाभर तिच्यापुढे काढला नव्हता. काढायची भीती वाटत होती. मी म्हणालो, "आई, ती विचारतेय, पुढच्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहाला तुला जमेल का?"

आईनं छत्री मिटली. समोरच्या हिरव्या वाफ्याकडे बघितलं, मग पेन उघडून थांबलेल्या हेनीबाईंकडे बघितलं.

"सांग तिला, साडेदहा," आई म्हणाली. "दहाला माझी पूजा असते."